व्हर्जिनियाचं खडूस वर्ष

२०१८-१९च्या मोसमात व्हर्जिनिया विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ परगावी खेळायला गेला, की समोरच्या विद्यार्थ्यांच्या गर्दीतून आरोळी उठायची, "यू-एम-बी-सी! यू-एम-बी-सी!" व्हर्जिनियाचा खेळाडू फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळणारी एका गुणाची मोकळी फेक, मारायला रेषेवर उभा राहिला की आवाज आणखी चढायचा. दुसऱ्याच्या जखमेवर मीठ चोळण्यात कॉलेजच्या पोरांचा हात कोणी धरत नाही, मग ती पुण्याची असोत की मेरिलँडची.

ही अक्षरं म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ मेरिलँड, बाल्टिमोर काउंटी. बाल्टिमोरच्या शेजारचं विद्यापीठ, बुद्धिबळाच्या संघासाठी नावाजलेलं. एम.एस. करायला येणाऱ्या भारतीय मुलांची तिथं वर्दळ असते. माझा नवरा तिथला. मी शार्लट्सव्हिलची, म्हणजे व्हर्जिनिया विद्यापीठाची. लग्न ठरताना पत्रिका बघितल्या होत्या, कॉलेजं बघायची राहून गेली.

ज्यांना अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलशी काही देणंघेणं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दर वर्षी मार्चमध्ये ६८ कॉलेजांची बाद पद्धतीची स्पर्धा होते. सुरुवातीच्या चार लढती उरकल्या की ६४ संघ राहतात. त्यांचे चार गट, प्रत्येक गटात १ ते १६ मानांकन. पहिल्याची गाठ सोळाव्याशी, दुसऱ्याची पंधराव्याशी. एक सामना हरलात की चंबूगबाळं आवरून घरी. या तीन आठवड्यांत अख्ख्या देशातली ऑफिसं 'ब्रॅकेट' भरण्यात गुंतलेली असतात. म्हणजे कोण कोणाला हरवणार याचा तक्ता आधीच भरून द्यायचा. ६३ सामन्यांचे निकाल नुसत्या अंदाजानं बरोबर येण्याची शक्यता नऊवर अठरा शून्यं इतक्यातली एक. तरी दर वर्षी प्रत्येकाला वाटतं, यंदा आपला तक्ता जमलाय.

तक्ता भरताना एक काम मात्र डोळे झाकून करायचं असायचं. चारही अव्वल मानांकितांना पहिल्या फेरीतून पुढं ढकलायचं. १९८५मध्ये स्पर्धा ६४ संघांची झाली तेव्हापासून २०१८पर्यंत एक विरुद्ध सोळा असे १३५ सामने झाले आणि १३५च्या १३५ एक नंबरनंच जिंकले. हा हिशेब पुरुषांचा. बायकांच्या स्पर्धेत हार्वर्डच्या मुलींनी सोळाव्या मानांकनावरून १९९८ सालीच स्टॅनफर्डला घरी पाठवलं होतं, पण "इतिहासात पहिल्यांदाच" असं म्हणताना टीव्हीवरच्या मंडळींना त्या मुली क्वचितच आठवतात.

१६ मार्च २०१८, नॉर्थ कॅरोलायनातलं शार्लट. व्हर्जिनियाचा संघ ३१ सामने जिंकून आणि फक्त दोन हरून आलेला. चार अव्वल मानांकितांमध्येही त्यांचा नंबर पहिला. समोर यूएमबीसी. मध्यंतराला २१-२१. एवढ्यावरही आमच्या घरात कोणी फार मनावर घेतलं नव्हतं. नवरा बिचारा "मानानं हरले तरी बास" म्हणत होता. उत्तरार्धात जायरस लाइल्स नावाच्या मुलाला आवरणं कोणाच्या हातात राहिलं नाही. एकट्यानं २८ गुण केले. शेवटी ७४-५४. वर्षभर व्हर्जिनियानं अख्ख्या सामन्यात सरासरी पंचावन्नच्या आत गुण दिले होते, आणि यूएमबीसीनं एकट्या उत्तरार्धात ५३ केले. नशिबानं एखादा गुण इकडचा तिकडे झाला असता तर बोलायला जागा होती. वीस गुणांचा फरक म्हणजे सरळ धुलाई.

व्हर्जिनियाला अशी हार नवी नाही. डिसेंबर १९८२मध्ये सात फूट चार इंची राल्फ सॅम्पसन संघात असताना, देशात पहिल्या क्रमांकावर असताना, हा संघ हवाईत शामिनाद नावाच्या कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या छोट्या कॉलेजकडून हरला होता. म्हणजे पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमधल्या सगळ्यात मोठ्या दोन नामुष्क्या एकाच घरात. आणि यूएमबीसीचा त्या रात्रीचा प्रशिक्षक रायन ओडम हा तरी कोण? त्याचे वडील ऐंशीच्या दशकात व्हर्जिनियाचे सहायक प्रशिक्षक होते. हा शार्लट्सव्हिलमध्ये मैदानाबाहेर गेलेले चेंडू गोळा करत लहानाचा मोठा झाला. २०२५मध्ये व्हर्जिनियानं त्यालाच मुख्य प्रशिक्षक नेमलं. आमच्याकडे त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर कोण किती हसलं ते लिहीत नाही.

हरल्यानंतर व्हर्जिनियाचे प्रशिक्षक टोनी बेनेट कॅमेऱ्यासमोर आले. समोरचे आपल्यापेक्षा सरस खेळले, मैदानात उतरलात की असे दिवसही येतात, असं शांतपणे म्हणाले. ना पंचांना दोष, ना दुखापतीची ढाल. ढाल हाताशी होती, कारण संघातला सर्वांत गुणी पोरगा डिआंड्रे हंटर मनगट मोडल्यानं खेळलाच नव्हता.

बेनेट हे प्रकरण जरा समजून घ्यायला हवं. वडील डिक बेनेट हेही नावाजलेले प्रशिक्षक. त्यांनी २०००मध्ये विस्कॉन्सिनला अंतिम चारांत नेलं होतं. टोनी वडिलांच्याच हाताखाली ग्रीन बे इथं खेळले. लांबून मारायच्या तीन गुणांच्या फेकीतली त्यांची कारकिर्दीची टक्केवारी जवळपास पन्नास, म्हणजे कॉलेजच्या इतिहासात अव्वल. इतका मुलखाचा नेमबाज माणूस प्रशिक्षक झाला तो मात्र बचावाचा. डिक बेनेटनी घडवलेल्या त्या बचावाला 'पॅक लाइन' म्हणतात. बास्केटपासून साधारण सोळा फुटांवर एक काल्पनिक कमान धरायची. चेंडू ज्याच्या हातात त्याच्या अंगावर एकानं जायचं, उरलेल्या चौघांनी कमानीच्या आत दबा धरायचा. आत घुसायला फट म्हणून सोडायची नाही. लांबून मारा म्हणायचं, मारलात की रिबाउंड, म्हणजे हुकून परत उडालेला चेंडू, मिळेल तसा उचलायचा.

आणि चेंडू आपल्याकडे आला की घाई नाही. फेकण्यासाठी तीस सेकंद मिळतात ना, मग ती वापरायची. २०१८-१९मध्ये पहिल्या श्रेणीत ३५३ संघ होते. खेळाच्या वेगाच्या नामांकित क्रमवारीत व्हर्जिनिया ३५३वा होता. बाकी देश धावत असताना हे आपले चालत. मुंबईच्या क्रिकेटमध्ये ज्याला खडूसपणा म्हणतात तो हा. विकेट फेकायची नाही, समोरच्याला कंटाळा आणायचा आणि कंटाळून त्यानं चूक केली की ती पदरात पाडून घ्यायची. देशभरातले समालोचक याला "रटाळ" म्हणायचे. मला हा खेळ आवडायचा. मी शिवाजी पार्कच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आजोबांची नात आहे, मला रटाळपणातली मजा कळते.

पण या खेळात एक खोट आहे, आणि ती यूएमबीसीनं चव्हाट्यावर आणली. सामना संथ केला की दोन्ही बाजूंना चेंडू कमी वेळा मिळतो. कमी वेळा मिळाला की बलवान संघाचं बळ दिसायला वावच कमी राहतो आणि दुबळ्याचं नशीब फळफळायला जागा मिळते. शिवाय मागे पडलात की भराभर गुण करून वर यायची सवय नाही. "ही पद्धत मार्चमध्ये चालत नाही," हे लोक वर्षानुवर्षं म्हणत होते. आता त्यांच्या हातात पुरावाच आला.

मधल्या वर्षाबद्दल जे कळलं त्यातलं मला कायल गायचं सगळ्यात जवळचं वाटलं. इंडियानापोलिसचा, केसांचा अंबाडा घालणारा, हडकुळा नेमबाज. यूएमबीसीकडून हरल्यानंतरचा स्वतःचा वाकलेला, हताश फोटो त्यानं फोनवर आणि ट्विटरवर लावून ठेवला, वर्षभर. त्याच एप्रिलमध्ये त्यानं फेसबुकवर उघड पत्र लिहून सांगितलं, की मला चिंतेचा विकार आहे, त्यासाठी औषध घेतो, आणि त्या पराभवानंतर जिवे मारायच्या धमक्यासुद्धा आल्या. वीस-एकवीस वर्षांचं पोर. बास्केटबॉलच्या एका सामन्यावरून धमक्या! आपल्याकडे क्रिकेटपटूंच्या घरांवर दगड पडलेले आहेत, त्यामुळे मी कुठल्या तोंडानं नवल करू.

बेनेटची संघाला दिलेली पाच तत्त्वं आहेत: विनम्रता, उत्कटता, एकजूट, सेवाभाव, कृतज्ञता. झेडपीच्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेले सुविचार वाटतात. मलाही वाटायचे. पण माणूस ते गंभीरपणे घ्यायचा. किताब जिंकल्यावर, सप्टेंबर २०१९मध्ये, विद्यापीठानं देऊ केलेली पगारवाढ त्यानं नाकारली, तो पैसा सहकाऱ्यांना आणि इतर खेळांना द्या म्हणाला, वर खेळाडूंच्या पुढच्या आयुष्यासाठी स्वतःचे पाच लाख डॉलर देऊ केले. भिंतीवरचा सुविचार पगाराच्या पत्रावर उतरलेला मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

तर २०१८-१९. त्या हिवाळ्यात माझ्या बाळंतपणासाठी आई-अण्णा साताऱ्याहून आले होते. अण्णांची हयात क्रीडाशिक्षकाच्या नोकरीत गेली, खो-खोचे संघ घडवण्यात. फेब्रुवारीच्या थंडीत बाहेर फिरायला जाता येईना, मराठी वाहिन्यांवरच्या मालिका आईच्या ताब्यात, त्यामुळे ते खालच्या खोलीत माझ्याबरोबर बास्केटबॉल बघायला बसायला लागले. पहिल्या दिवशी म्हणाले, "हे पळत का नाहीत?" दुसऱ्या सामन्याला चष्मा लावून आले. थोड्या वेळानं म्हणाले, "नुसते उभे नाहीत गं. वाट अडवून उभे आहेत. तो चेंडूवाला बघू नकोस, बाकीचे चार बघ." पॅक लाइन समजायला मला शार्लट्सव्हिलमध्ये अख्खं एक सत्र लागलं होतं.

त्यांना सगळ्यात आवडला किहेई क्लार्क. पहिल्या वर्षाचा, पाच फूट नऊ इंचाचा, त्या उंचच उंच झाडीत हरवून जाणारा. "हा बुटका चावरा आहे," अण्णांचं मत. बाकी संघ म्हणजे मोठी मौज होती. हंटर फिलाडेल्फियाचा, टाय जेरोम न्यूयॉर्कच्या बाजूचा, ममादी डियाकिटे पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीचा, जॅक सॉल्ट न्यूझीलंडचा. गाय, जेरोम आणि हंटर तिघंही तीन गुणांच्या रेषेबाहेरून चाळीस टक्के किंवा त्याच्या आसपास मारायचे. खडूस संघ त्या वर्षी नुसता अडवत नव्हता, मारतही होता. फक्त सावकाश.

नियमित मोसमात हा संघ दोनदाच हरला आणि दोन्ही वेळा ड्यूककडून. ड्यूक म्हणजे त्या वर्षीचा झगमगाट. झायन विल्यमसन, आर. जे. बॅरेट, कॅम रेडिश, सगळी पहिल्या वर्षाची पोरं, सगळी वर्षभरातच एनबीएत, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, जाणार हे ठरलेलं. शार्लट्सव्हिलमधल्या सामन्याला लेब्रॉन जेम्स बघायला आलेला. ड्यूकनं त्या दिवशी तीन गुणांच्या २१ फेकींपैकी १३ टाकल्या. पॅक लाइन म्हणते लांबून मारा. त्यांनी मारल्या.

मग २० फेब्रुवारीला ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सामन्यात, बराक ओबामा प्रेक्षकांत बसलेले असताना, पहिल्याच मिनिटात झायनच्या पायातला नायकीचा बूट फाटला आणि तो गुडघा धरून बाहेर गेला. सामन्याची तिकिटं हजारो डॉलरला विकली गेली होती. अण्णांनी विचारलं, "तिकीट हजारो डॉलरला, मग पोराला किती?" म्हटलं, काही नाही. फी माफ, राहणं, जेवण. एनसीएए, म्हणजे या स्पर्धा चालवणारी संस्था, फक्त या मार्चच्या स्पर्धेच्या टीव्ही हक्कांचे वर्षाला एक अब्ज डॉलरच्या आसपास घेते, हेही सांगितलं. अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सालगडी आहेत म्हणजे." सालगड्यालाही निदान साल संपल्यावर धनी बदलता येतो, हे त्यांनी पुढं जोडलं नाही. तेव्हाच्या नियमात कॉलेज बदललेल्या खेळाडूला सहसा एक वर्ष बाकावर बसून काढावं लागायचं. कॉलेज बदलू बघणाऱ्यांची नावं नोंदवणारं 'ट्रान्सफर पोर्टल' त्याच मोसमाच्या तोंडावर, ऑक्टोबर २०१८मध्ये, सुरू झालं होतं. ते आपल्या संघाचं काय करणार आहे याची तेव्हा कोणालाच गंधवार्ता नव्हती.

मार्च आला. व्हर्जिनिया पुन्हा अव्वल मानांकित. २२ मार्चला समोर सोळावा मानांकित गार्डनर-वेब. पहिल्या पंधरा मिनिटांत व्हर्जिनिया १४ गुणांनी मागे! नवरा खोलीत आला, स्कोअर बघितला आणि एक अक्षर न बोलता बाहेर गेला. आमच्या लग्नातल्या समजूतदारपणाच्या मोजक्या प्रसंगांत मी तो धरते. मध्यंतराला सहा गुणांनी मागे, शेवटी ७१-५६नं जिंकले. मग ओक्लाहोमा सहज. मग ओरेगन ५३-४९, तो सामना बघताना आईसुद्धा झोपली, तिला दोष नाही.

३० मार्चची परड्यूविरुद्धची लढत मात्र फुरसतीनं सांगण्यासारखी आहे. जो जिंकेल तो अंतिम चारांत. ठिकाण लुईव्हिल, वेळ रात्रीची. लेक महिन्याची, नुकती झोपलेली, अण्णांच्या मांडीवर. त्यामुळे ओरडायची बंदी. परड्यूचा कार्सन एडवर्ड्स त्या रात्री अंगात आल्यासारखा खेळत होता. ४२ गुण, त्यात तीन गुणांच्या दहा. हात आडवे येताहेत, तोल जातोय, दहा फूट मागून मारतोय, आणि चेंडू जाळीत. याला अडवायचं कसं हे कोणत्याच पुस्तकात नसतं.

५.९ सेकंद उरले. परड्यू ७०, व्हर्जिनिया ६७. परड्यूनं मुद्दाम जेरोमला फाउल केला, म्हणजे तीन गुणांची फेक मारायची संधीच नको. दोन फ्री थ्रो. पहिला आत, ७०-६८. दुसरा चुकला. रिंगवरून उडालेल्या चेंडूला गर्दीतून डियाकिटेनं कसाबसा हात लावला आणि तो मागे उडाला. थोडाथोडका नव्हे, अर्धं मैदान ओलांडून पार पलीकडे. सेकंद पळताहेत. सगळ्यांत आधी वळला तो क्लार्क. धावत जाऊन त्यानं चेंडू गाठला, वळला, एकदोन ड्रिबल, आणि जवळचे सहकारी सोडून, अर्ध्या मैदानावरून सरळ डियाकिटेच्या हातात पास टाकला. डियाकिटेनं धरला आणि त्याच दमात फेकला. चेंडू हवेत असताना बझर वाजला, आणि जाळी हलली. ७०-७०.

तोंडात दुपट्याचा बोळा घालून मी उभी. अण्णांनी बाळाच्या कानावर हात ठेवला होता आणि स्वतः मात्र "शाब्बास!" म्हणून ओरडले. बाळ उठलं. ओव्हरटाइम मी तिला पाजत बघितला. ८०-७५.

ती पाच सेकंद मी त्यानंतर किती वेळा बघितली असतील त्याला गणती नाही. दर वेळी माझं लक्ष पास देण्याआधीच्या त्या क्षणाकडे जातं. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, घड्याळात दोन-अडीच सेकंद, हातातला चेंडू मिळेल तिथून उचलून भिरकावून द्यायचा मोह किती असेल. त्यानं मान वर करून पाहिलं. वर्षभर तीस-तीस सेकंद वाट बघायची शिस्त अंगात मुरलेल्या संघातच हे होतं, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही वाटतं. फक्त आता मी त्याच्या जोडीला हेही म्हणते, की डियाकिटेच्या बोटांचा कोन जरा वेगळा असता तर चेंडू परड्यूच्या कोणाच्या तरी हातात पडला असता आणि शिस्तीबद्दलचं माझं हे वाक्य मी लिहिलंच नसतं.

६ एप्रिलला मिनियापोलिसमध्ये ऑबर्न. शेवटच्या पाच मिनिटांत दहानं पुढे असलेल्या व्हर्जिनियानं ऑबर्नला लागोपाठ चौदा गुण करू दिले. मग गायनं कोपऱ्यातून एक तीनची टाकली, तरी एका गुणानं मागेच, आणि ऑबर्नच्या एका फ्री थ्रोनं ते दोन झाले. शेवटच्या क्षणांत जेरोमनं सुटलेला चेंडू पुन्हा धरून ड्रिबल केला. सरळसरळ डबल ड्रिबल, म्हणजे नियमभंग. पंचांना दिसला नाही. तो दिसला असता तर चेंडू ऑबर्नचा आणि कथा संपली. ते राहिलं बाजूला, आणि ०.६ सेकंद उरले असताना कोपऱ्यातून तीनची फेक मारणाऱ्या गायला ऑबर्नच्या खेळाडूचा धक्का लागला. फाउल. तीन फ्री थ्रो. मागे दोन गुणांनी.

गायनं जर्सीची कॉलर तोंडावर ओढून घेतली. सत्तर हजारांचं स्टेडियम, फुटबॉलसाठी बांधलेलं, बास्केटच्या मागे नजर ठरायला भिंत नाही, नुसती दूरवर पसरलेली माणसं. पहिला आत. दुसरा आत. बरोबरी. ऑबर्ननं टाइमआउट घेतला, म्हणजे पोराला विचार करायला वेळ द्या, विचारच त्याला खाईल. आणि हा तोच पोरगा, चिंता म्हणजे काय हे ज्यानं सगळ्या जगाला पत्र लिहून सांगितलं होतं. तो परत आला आणि तिसराही टाकला. ६३-६२. भीती वाटत होती, हे त्यानं नंतर सरळ कबूल केलं. मला ते कबूल करणं त्या तीन फेकींपेक्षा कमी मोलाचं वाटत नाही.

अंतिम सामना टेक्सस टेकशी. दोन्ही संघ याआधी कधीच विजेते नव्हते. तीन गुणांनी मागे असताना साधारण बारा सेकंद उरली तेव्हा हंटरनं कोपऱ्यातून बरोबरी साधली. हाच तो, वर्षापूर्वी मनगट मोडून बाकावर बसलेला. त्यानं २७ गुण केले, त्यातले २२ उत्तरार्धात आणि ओव्हरटाइममध्ये. ओव्हरटाइममध्ये व्हर्जिनियानं बाराच्या बारा फ्री थ्रो टाकले, ८५-७७. स्पर्धेचा मानकरी कायल गाय.

दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रं, टीव्ही, विद्यापीठाची ईमेलं, सगळीकडे एकच गोष्ट सुरू झाली. पराभवाच्या राखेतून उठलेला संघ, अपमानाचं उट्टं काढलं, वगैरे. शार्लट्सव्हिलला अशा गोष्टीची तहानही होती. ऑगस्ट २०१७मध्ये गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी तिथं मोर्चा काढला, गर्दीत गाडी घुसवली गेली, एक तरुणी मेली, आणि त्यानंतर गावाचं नाव घेतलं की लोकांना तेवढंच आठवायचं. मीही त्या रात्री रडले. पण हरलेल्या सामन्यानं जिंकलेला सामना घडवला, हा हिशेब मला काही जुळवता येत नाही. ऑफिसात माझ्यासारखाच शार्लट्सव्हिलचा एक सहकारी आहे, त्याच्याशी यावरून माझा अजून वाद होतो. त्याचं म्हणणं, यूएमबीसी नसता तर ही पोरं त्या क्षणांत एवढी शांत राहिली नसती. अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "जिंकले म्हणून शहाणे ठरले. तो डबल ड्रिबल दिसला असता तर हीच शांत पोरं थंड ठरली असती. मी चाळीस वर्षं पोरं खेळवली. हरलेल्या पोरांत काही कमी शहाणी नव्हती."

बेनेटही याच्या जवळपासचं काही म्हणायचे. आधीच्या वर्षीचा पराभव पुसून टाकावा असं त्यांना कधी वाटलेलं दिसलं नाही. तो होता, आहे, त्याच्यासकट आम्ही आहोत, असा सूर. मात्र तो पराभवच इथवर घेऊन आला, असंही ते म्हणायचे, आणि तिथं माझी आणि त्यांची फारकत होते.

पुढचं पटकन सांगते, कारण ते फारसं सुखाचं नाही. २०२०ची स्पर्धा कोविडनं रद्द झाली, त्यामुळे विजेतेपद फुकटात दोन वर्षं राहिलं. २०२१मध्ये पहिल्याच फेरीत ओहायोकडून हार. त्याच सुमारास नियम बदलले. खेळाडूंना एकदा कॉलेज बदलून लगेच खेळायची मुभा मिळाली, आणि जुलै २०२१पासून स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसे कमवायचीही. २०२५पासून तर कॉलेजं थेट वाटा देतात, वर्षाला एका कॉलेजकडून साधारण दोन कोटी डॉलरपर्यंत. पोरांना पैसे मिळायलाच हवे होते, अण्णांच्या सालगड्यानंतर मला त्यात शंका उरली नाही. पण तीन-तीन, चार-चार वर्षं एकत्र राहून पॅक लाइन मुरवणारा संघ आता जमवायचा कसा? ऑक्टोबर २०२४मध्ये, मोसम तोंडावर असताना, पंचावन्न वर्षांच्या बेनेटनी राजीनामा दिला. या नव्या व्यवस्थेसाठी मी योग्य माणूस नाही, म्हणाले. दोन्ही बाजू मला पटतात, आणि त्या एकमेकींना पटवता येत नाहीत.

त्याआधीची एक गोष्ट राहिली. १६ मार्च २०२३. यूएमबीसीच्या रात्रीला त्याच तारखेला पाच वर्षं. ऑर्लँडोत पहिल्या फेरीचा सामना, चौथा मानांकित व्हर्जिनिया आणि तेरावा फर्मन. किहेई क्लार्क आता पाचव्या वर्षात, व्हर्जिनियाच्या इतिहासात सर्वाधिक असिस्ट त्याच्या नावावर, म्हणजे सहकाऱ्याच्या हातात चेंडू अचूक पोचवण्यात त्याच्यापुढं तिथं कोणी गेलेलं नाही. दोन गुणांची आघाडी, घड्याळात काही सेकंद. क्लार्कला कोपऱ्यात दोघांनी घेरलं. त्यानं लांबवर चेंडू उंच भिरकावला. तो थेट फर्मनच्या खेळाडूच्या हातात गेला. त्यानं सहकारी पेगसकडे दिला, पेगसनं तीनची टाकली. ६८-६७, फर्मन.

मी ती चित्रफीत साताऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवली. वर लिहिलं, अण्णा, तुमचा बुटका. तिकडे सकाळ असेल, बराच वेळ उत्तर नाही. मग आवाजी निरोप आला, मागे कुकरची शिट्टी: "बघितलं. दोघं अंगावर आल्यावर पोरानं काय करायचं? आणि त्याचे बाकीचे चौघं कुठं होते ते दिसत नाही यात. पूर्ण सामना असेल तर पाठव."